परदेशातली पहिली सेल्फ-ड्राइव्ह सहल: दोघांनी मिळून आखायची कशी?

परदेशात गाडी भाड्याने घेऊन फिरायचं ठरलं की लोक आधी नकाशा उघडतात. माझं म्हणणं, आधी मित्राला समोर बसवा. पुढचे दहा-बारा दिवस रोज काही तास तुम्ही दोघं एका डब्यात बंद असणार आहात. एकाला उजाडता निघायचं असतं, दुसऱ्याचा दिवस दहाला सुरू होतो. एकाला प्रत्येक वळणावर फोटो हवा, दुसऱ्याला कधी एकदा पोचतोय असं होतं. हे गाडीत बसल्यावर कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.

पहिली पायरी: अवघड प्रश्न आधी

दोघंही चालवणार की एकच? अंधारात, पावसात, घाटात कोण चालवेल? खोली एक की दोन, आणि घोरण्याचं काय? दिवसाला किती खर्च झाला की पोटात गोळा येईल? एखादी दुपार दोघांनी वेगवेगळी घालवली तर कुणी रुसणार नाही ना? हा शेवटचा प्रश्न विचारायला लाज वाटते, पण सगळ्यात उपयोगाचा तोच. मग प्रत्येकाने "हे पाहिल्याशिवाय परतायचं नाही" अशा फक्त तीन गोष्टी लिहायच्या. त्या सहा गोष्टींवर सहल उभी करा. बाकी सगळं जमलं तर.

देश आणि रस्त्याची बाजू

ज्या बाजूने चालवायची सवय आहे तीच बाजू असलेला देश पहिल्या खेपेला निवडला तर निम्मा ताण जातो. ब्रिटन, आयर्लंड, न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया, जपान, दक्षिण आफ्रिका इथे गाड्या डावीकडून चालतात. अमेरिका, कॅनडा आणि युरोपच्या मुख्य भूमीवर उजवीकडून. बाजू बदलणार असेल तरी घाबरायचं कारण नाही. एक खूण पक्की ठेवा: गाडी त्या देशासाठीच बनलेली असेल तर ड्रायव्हर रस्त्याच्या मधल्या रेषेच्या बाजूला बसतो. आपण कडेच्या बाजूला बसलोय असं दिसलं की काहीतरी चुकलं. गडबड होते ती रहदारीत नाही, मोकळ्या रस्त्यावर. पंपावरून किंवा हॉटेलच्या आवारातून सकाळी बाहेर पडताना समोर एकही गाडी नसते आणि हात जुन्या सवयीने वळतो.

कागदपत्रं

इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट म्हणजे तुमच्या परवान्याचं अधिकृत भाषांतर. ते एकटं चालत नाही, मूळ परवाना सोबत लागतोच. हे परमिट मुख्यतः दोन प्रकारचं असतं: 1949च्या जिनिव्हा करारानुसारचं एक वर्ष चालतं, 1968च्या व्हिएन्ना करारानुसारचं जास्तीत जास्त तीन वर्षं. जपान फक्त 1949चं मानतो. चीनमध्ये तर हे परमिट चालतच नाही, तिथला तात्पुरता परवाना काढावा लागतो. म्हणून आपलं परमिट कुठल्या कराराचं आहे आणि तिथे कुठलं चालतं, एवढं तिकीट काढण्याआधी बघा. दोघं चालवणार असाल तर दोघांची कागदपत्रं हवीत आणि दुसऱ्याचं नाव भाडेकरारात हवं. नाव नसताना त्याने गाडी चालवली आणि अपघात झाला, तर विमा हात वर करतो.

रस्ता आखणं, म्हणजे किलोमीटर कापणं

पहिला आराखडा नेहमी हावरट असतो. आमचा होता तो पाहून आज हसू येतं. नऊ दिवसांत सात मुक्काम. नकाशा तीन तास म्हणतो तेव्हा तो न थांबता, न चुकता चालवणाऱ्याचे तीन तास सांगतो. त्याला दीडने गुणा. न्यूझीलंडमध्ये "ते आनाऊ" या गावापासून मिलफर्ड साउंड या समुद्राच्या खाडीपर्यंतचं अंतर सुमारे 120 किलोमीटर. कागदावर किरकोळ वाटतं. पण वाटेत डोंगर, तळी, होमर बोगदा आणि दर दहा मिनिटांनी "थांब, थांब, इथे थांब"! सकाळ तिथेच जाते. शिवाय मध्ये पेट्रोल पंप नाही, म्हणून टाकी "ते आनाऊ"लाच भरायची, आणि हिवाळ्यात हा रस्ता दरडी-हिमाच्या भीतीने बंदही ठेवतात.

पहिल्या सहलीत दिवसाला 200 ते 250 किलोमीटर पुरे. प्रत्येक ठिकाणी शक्यतो दोन रात्री, म्हणजे एक दिवस चावीला हात न लावता जातो. आणि विमानातून उतरल्या उतरल्या गाडी ताब्यात घेऊ नका. लांबचा प्रवास, वेगळं घड्याळ, अपुरी झोप, त्यात अनोळखी रस्ता. पहिली रात्र विमानतळाजवळ किंवा शहरात काढा, गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी घ्या. एका दिवसाचं भाडं वाचतं ते वेगळंच. मोठ्या शहरात तशीही गाडी ही कटकट असते. शहर आधी बघून मग गाडी घ्यायची, किंवा गाडी परत करून मग शहरात शिरायचं.

गाडी आणि विमा

गाडी निवडताना डिकी बघा. दोन मोठ्या बॅगा झाकून बसल्या पाहिजेत. मागच्या सीटवर दिसणारी बॅग म्हणजे काच फोडायला आमंत्रण. युरोपात साधी भाड्याची गाडी बहुधा गिअरचीच मिळते. ऑटोमॅटिक हवी असेल तर ती वेगळी मागावी लागते आणि महाग पडते. रस्त्याची बाजू बदलत असेल तर मी म्हणेन, पैसे जाऊ देत, ऑटोमॅटिक घ्या. एका वेळी एकच नवी गोष्ट.

आता विमा. भाड्यात विमा असतो हे खरं, पण नुकसान झालं तर पहिली ठरावीक रक्कम तुमच्या खिशातून जाते. तेवढी रक्कम मुख्य ड्रायव्हरच्या क्रेडिट कार्डवर अडकवून ठेवतात, त्यामुळे कार्ड त्याच्याच नावाचं आणि पुरेशी मर्यादा असलेलं हवं. डेबिट कार्ड अनेक ठिकाणी घेत नाहीत. करारात "काय धरलेलं नाही" हा भाग वाचा: टायर, काच, गाडीचा तळ आणि छप्पर बऱ्याचदा वगळलेले असतात. आइसलँडमध्ये वाऱ्याने उडालेल्या वाळूने रंग खरवडला जातो, त्यासाठी वेगळा विमा विकतात. तिथले एफ अक्षराचे डोंगरी रस्ते तर कायद्यानेच फक्त फोर बाय फोर (चारही चाकांना जोर मिळणाऱ्या) गाड्यांना खुले आहेत. सीमा ओलांडणार असाल तर लेखी परवानगी घ्या. एका गावात घेऊन दुसऱ्या गावात गाडी सोडायची असेल तर त्याचे जादा पैसे किती, तेही आधीच विचारा.

काउंटरवर थकलेल्या गिऱ्हाइकाला जास्तीचा विमा गळ्यात मारणं हा जुना धंदा. काय घ्यायचं ते घरून ठरवून जा आणि तिथे फक्त नाही म्हणा. गाडी हातात आली की गोल फिरून सावकाश व्हिडिओ काढा: चारही चाकं, बंपरच्या खालची कड, काच, स्टेपनी, पेट्रोलचा काटा. आमच्या गाडीच्या मागच्या दारावर बोटभर ओरखडा होता, कागदावर त्याची नोंद नव्हती. "चालतं हो" म्हणत काउंटरवाल्याने हात हलवला. परत देताना दुसऱ्या माणसाने नेमक्या त्याच ओरखड्यावर बोट ठेवलं. व्हिडिओ दाखवला, विषय संपला.

तिथले नियम

सगळे पाठ करायची गरज नाही, घोळ घालणारे तेवढे शोधा. अमेरिकेत चारही बाजूंना "थांबा" अशी पाटी असलेल्या चौकात जो आधी थांबला तो आधी निघतो. इटलीतल्या बऱ्याच जुन्या शहरांच्या मध्यभागात खास परवानगीशिवाय गाडी नेता येत नाही. अडवायला कुणी नसतं, कॅमेरा नंबर टिपतो. ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडच्या महामार्गांवर विन्येट, म्हणजे आधीच टोल भरल्याचं स्टिकर किंवा डिजिटल पास, हवं. स्कॉटलंडच्या एकपदरी रस्त्यांवर बाजू द्यायला जागा केलेल्या असतात, तिथे गाडी लावून फोटो काढत बसू नये. नॉर्वे आणि आइसलँडमध्ये भर दुपारीही दिवे लावावे लागतात. ब्रिटनमध्ये वेगाच्या पाट्या मैलांत असतात. इंधनाचं नीट बघा: ब्रिटनमध्ये हिरवी नळी पेट्रोलची, तर अमेरिकेत ती बहुधा डिझेलची. युरोपियन युनियनमध्ये 2018पासून पेट्रोलची खूण गोलात आणि डिझेलची चौकोनात असते. झाकणाच्या आतलं लेबल बघितल्याशिवाय नळी उचलू नका.

गाडीत कोण काय करणार

पहिल्यांदा डावीकडच्या स्टिअरिंगवर बसलो तेव्हा पार्किंगमधून निघून पहिल्याच वळणावर मी दिवा दाखवायला हात टाकला आणि कोरड्या काचेवर वायपर करकरायला लागले. मित्र हसला. दहा मिनिटांनी त्याचं हसू गेलं, कारण मी नकळत उजवीकडे सरकत होतो आणि त्याच्या बाजूचा आरसा झुडपं घासत चालला होता. तो अंग चोरून बसला, पण बोलला नाही. "तुला राग येईल असं वाटलं," रात्री म्हणाला!

तेव्हापासून आमचा नियम आहे. बाजूला बसणाऱ्याला काम असतं, आणि बोलायचा हक्क असतो. रस्ता सांगणं, वेगाची पाटी वाचणं, फोन आणि गाणी सांभाळणं, कडेला किती जागा आहे ते सांगणं हे त्याचं. सूचना वेळेवर आणि छोटी हवी: "दुसऱ्या फाट्याने बाहेर", एवढंच. वळण चुकलं तर चुकलं. पुढे जाऊन फिरून यायचं, जागच्या जागी ब्रेक दाबायचा नाही. दोन तासांनी जागा बदलायची. "मी दमलोय" हे दोन शब्द कुणी म्हटले की वाद न घालता गाडी कडेला. पहिल्या दिवशी पार्किंगमध्येच वीस मिनिटं चकरा मारा, दिवे-वायपर-रिव्हर्स हाताला बसू द्या.

नकाशे फोनमध्ये आधीच उतरवून ठेवा, डोंगरात नेटवर्क जातं. आपत्कालीन क्रमांक दोघांनाही पाठ हवा: युरोपियन युनियनमध्ये 112, अमेरिका-कॅनडात 911, न्यूझीलंडमध्ये 111, ऑस्ट्रेलियात 000.

पैसे

टीटीएमएम (तू तुझं, मी माझं) ऐकायला छान, पण पेट्रोल, टोल आणि पार्किंग दर वेळी कोण वाटत बसणार? दोघांनी सारखी रक्कम एका सामाईक पाकिटात टाका आणि गाडीचा, मुक्कामाचा खर्च त्यातून करा. जेवणखाण, खरेदी ज्याची त्याने. दंड कुणी भरायचा हेही आधीच ठरवा. आमच्यात तो चालवणाऱ्याचा नाही, पाकिटाचा असतो, कारण पाटी वाचायचं काम दुसऱ्याचं होतं.

गाडी परत करताना टाकी भरा, पावती ठेवा आणि पुन्हा एक व्हिडिओ काढा. अडकवलेली रक्कम सुटायला काही दिवस लागतात. आणि पाकिटात उरलेले पैसे घरी पोचताच वाटून टाकू नका. चुकलेला टोल किंवा कॅमेऱ्याचा दंड भाडेकंपनीमार्फत महिन्या-दोन महिन्यांनीही येऊ शकतो, वर कंपनीचं शुल्क वेगळं, आणि कार्ड मात्र एकाच्याच नावाचं असतं.