मोजक्या रंगांचं लाँग एक्स्पोजर

लाँग एक्स्पोजर म्हणजे शटर बराच वेळ उघडं ठेवून काढलेला फोटो. शेवाळलेल्या खडकांचा असा फोटो मोजक्या रंगांत हवा असेल तर ढगाळ सकाळ निवडा. निम्मे रंग तिथेच गळतात. कॅमेरा ट्रायपॉडवर लावून स्टॅबिलायझेशन (हात हलणं सावरणारी सोय) बंद करा. आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) 100, अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ/8 ते एफ/11. एफ/22 वर डिफ्रॅक्शनमुळे (बारीक छिद्रातून प्रकाश पसरल्यामुळे) खडकांची धार जाते. आधी फोकस करून मॅन्युअलवर टाका, मगच 10 स्टॉपचा एनडी फिल्टर (दर स्टॉपला प्रकाश निम्मा करणारी गडद काच) चढवा, कारण त्यातून ऑटोफोकस चाचपडत राहतो. एक्स्पोजरचा वेळ सुमारे 1000 पट वाढतो: 1/15 सेकंदाचं एक्स्पोजर मिनिटाच्या थोडं वर जातं, म्हणून बल्ब मोड (बटण दाबलेलं असेपर्यंत शटर उघडं ठेवणारा) आणि रिमोट हवाच. डीएसएलआरचा व्ह्यूफाइंडर (डोळा लावायची खिडकी) झाका, नाहीतर मागून प्रकाश शिरतो.

फोटो रॉमध्येच (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) काढा. फिल्टरची निळसर किंवा तपकिरी झाक आधी व्हाइट बॅलन्सने (पांढरा पांढराच दिसावा अशी रंगांची जुळणी) घालवा, मग एकेका रंगाचं सॅच्युरेशन (तीव्रता) उतरवा. सरसकट सगळे रंग मात्र पुसू नका. शेवाळाचा मंद हिरवा ठेवाच.