टर्मिनलवर टाइप केलेली अक्षरे दिसेनाशी झाली तेव्हा

पासवर्ड विचारणारी माझीच एक शेल स्क्रिप्ट (आज्ञांची यादी असलेली फाइल) चूक आल्यामुळे मधेच संपली आणि त्यानंतर टर्मिनलवर, म्हणजे आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीत, काहीही टाइप केले तरी अक्षरे दिसेनाशी झाली. आज्ञा चालत होत्या, उत्तरेही उमटत होती. म्हणजे कीबोर्डचा काही दोष नव्हता. खिडकी बंद करून नवी उघडणे सोपे होते, पण कारण समजल्याशिवाय मला चैन पडेना.

टर्मिनलच्या सेटिंग दाखवणारी आणि बदलणारी ‘एसटीटीवाय’ (stty) ही आज्ञा डॅश-ए पर्यायासह चालवल्यावर त्या सर्व सेटिंग दिसतात आणि बंद असलेल्या सेटिंगच्या नावापुढे उणे चिन्ह असते. टाइप केलेली अक्षरे पडद्यावर दाखवणाऱ्या ‘एको’पुढे ते चिन्ह होते. पासवर्ड दिसू नये म्हणून स्क्रिप्टने एको बंद केले होते आणि ती मधेच संपल्याने ते पुन्हा चालू झालेच नव्हते. न दिसणारी अक्षरे जपून टाइप करत सेटिंग नेहमीच्या मूल्यांवर आणणारे ‘एसटीटीवाय सेन’ (stty sane) दिले आणि सर्व पूर्ववत झाले. ही आज्ञा देताना एंटरऐवजी कंट्रोल-जे दाबणे अधिक सुरक्षित असते, कारण एंटरमधून जाणाऱ्या ‘कॅरेज रिटर्न’ या चिन्हाचे नव्या ओळीच्या चिन्हात रूपांतर करणारी ‘आयसीआरएनएल’ सेटिंगही बंद असू शकते, तर कंट्रोल-जे थेट लाइनफीड, म्हणजे नव्या ओळीचे चिन्हच, पाठवते.

खरी चूक अर्थात स्क्रिप्टमध्ये होती. आता एको बंद करण्यापूर्वी मी एसटीटीवायच्या डॅश-जी पर्यायाने मिळणारी सेटिंगची नोंद एका व्हेरिएबलमध्ये ठेवतो आणि स्क्रिप्ट चूक येऊन मधेच संपली तरी, ती संपताना ठरलेली आज्ञा चालवणाऱ्या ‘ट्रॅप’च्या साहाय्याने तीच नोंद एसटीटीवायला परत देतो. ‘सेन’ केवळ ठरावीक मूल्ये बसवते. बदललेली इरेज (अक्षर खोडण्याची) कळ वगैरे माझ्या जुन्या निवडी या नोंदीमुळेच टिकतात.