सशाच्या दातांसाठी भूल देताना या चुका टाळा

"रात्री दहानंतर काही खायला देऊ नका." आमच्या चिकू सशाच्या वाढलेल्या दाढा भूल देऊन घासून कमी करायच्या होत्या, तेव्हा दवाखान्यातून फोनवर ही सूचना आली आणि मी ती निमूटपणे पाळली. वेळ सकाळी नऊची दिली होती, नंबर लागला साडेबाराला. म्हणजे सव्वा किलोचा तो जीव साडेचौदा तास उपाशी होता. दाढा व्यवस्थित घासून झाल्या, भूलही उतरली. पुढचे दोन दिवस मात्र त्याचं पोट हललं नाही. ते दोन दिवस मी अजून विसरलेले नाही.

सूचना खरी होती, पण ती कुत्र्या-मांजरांसाठी. भुलेखाली त्यांना उलटी झाली तर ती श्वासनलिकेत जाऊ शकते, म्हणून त्यांना उपाशी ठेवतात. ससा ओकूच शकत नाही. त्याच्या पोटात चोवीस तास काही ना काही पुढे सरकत असावं लागतं. ते थांबलं की आतडी मंदावतात, गॅस धरतो, दुखायला लागतं. दुखतं म्हणून तो खात नाही आणि खात नाही म्हणून आतडी आणखी मंदावतात. उपासमार लांबली तर शरीरातली चरबी यकृतात साचू लागते. जाडजूड सशांना हा धोका जास्त. म्हणून दवाखान्यात निघेपर्यंत त्याच्यापुढे गवत आणि पाणी हवंच. तोंडात घास राहू नये म्हणून काही डॉक्टर शेवटचा तासभर खाणं काढून घेतात, तेवढं ठीक. "रात्रीपासून उपाशी" असं कुणी सांगितलं तर "सशासाठीसुद्धा का?" हे स्पष्ट विचारा. उत्तर "हो" आलं, तर दुसरा डॉक्टर शोधा असंच मी सांगेन.

आजारपण वाढेपर्यंत थांबणं

सशाचे सगळे 28 दात आयुष्यभर वाढत राहतात. पुढचे पटाशीचे दात तर आठवड्याला दोन-तीन मिलिमीटर वाढतात. ते सहज दिसतात. दाढा दिसत नाहीत आणि खरा घोळ तिथेच होतो. खालच्या दाढांना जिभेच्या बाजूला सुळके फुटतात, वरच्यांना गालाच्या बाजूला, आणि ते मांसात रुततात. ससा गवताजवळ जातो, हुंगतो, एखादी काडी तोंडात घेतो आणि टाकून देतो. हनुवटी ओली राहते, डोळ्यातून पाणी येतं, लेंड्या बारीक होतात. आपण म्हणतो, "मऊ कोथिंबीर तर खातोय ना!" असे आठ-दहा दिवस जातात.

ते दिवस फार महाग पडतात. ब्रिटनमधल्या दवाखान्यांतून माहिती गोळा करून 2008 साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. गुंगी किंवा भूल दिल्यापासून 48 तासांत दगावणाऱ्या प्राण्यांचं प्रमाण कुत्र्यांमध्ये 0.17 टक्के, मांजरांमध्ये 0.24 टक्के आणि सशांमध्ये 1.39 टक्के निघालं. त्यातही धडधाकट सशांमध्ये ते 0.73 टक्के होतं, आजारी सशांमध्ये 7.37 टक्के. म्हणजे आजारी असताना भूल दिलेल्या साधारण चौदा सशांमागे एक गेला. हे आकडे घाबरवण्यासाठी देत नाही. ससा अजून खातोय, वजन टिकून आहे, अशा वेळी दाढा तपासून घेण्याला किती किंमत आहे ते यात दिसतं. खाणं सुटलेलं असेल, तर आधी सलाईन, वेदनाशामक आणि सिरिंजने खाणं देऊन त्याला सावरावं आणि मगच भूल द्यावी. एक दिवस उशीर झाला तरी चालेल.

"नुसती गुंगी देऊन पटकन करून टाका"

गुंगी हलकी, म्हणून सुरक्षित, असा आपला समज असतो. पण दाढांचं काम तोंडाच्या आत खोलवर चालतं. तोंड लहान, जागा अरुंद आणि ससा श्वास नाकानेच घेतो. अर्धवट गुंगीत त्याने डोकं झटकलं तर जीभ किंवा गाल फाटू शकतो. ऑक्सिजन नाही, हृदयाच्या ठोक्यांवर लक्ष नाही, अशी जड गुंगी ही नीट देखरेखीखालच्या पूर्ण भुलेपेक्षा धोक्याची. डॉक्टरांना आधीच विचारा: तुम्ही ससे नेहमी बघता का? काम चालू असताना ठोके, श्वास आणि तापमान बघायला वेगळा माणूस असेल का? ऑक्सिजन लावणार ना? भूल उतरवणारं इंजेक्शन आहे का? चांगला डॉक्टर या प्रश्नांनी चिडत नाही.

आणि घरी नेलकटरने पटाशी दात कापू नका. दात उभा चिरतो, चीर मुळापर्यंत जाते आणि पुढे पू होतो.

शुद्धीवर आला म्हणजे झालं, असं समजणं

त्याच अभ्यासात दगावलेल्या सशांपैकी निम्म्याहून जास्त भुलेनंतर, शुद्धीवर येण्याच्या काळात गेले होते. म्हणून "दुपारी घेऊन जा" म्हणाले की लगेच पिंजरा उचलू नका. त्याने स्वतःहून काही खाल्लं का, ते विचारा. घरचं गवत आणि त्याची आवडती पालेभाजी सकाळीच सोबत द्या, ओळखीच्या वासाने तो लवकर तोंड लावतो.

घरी आल्यावर पहिली काळजी उबेची. सशाचं शरीर साधारण 38.5 ते 40 अंश सेल्सिअस असतं आणि भुलेत ते झपाट्याने उतरतं. कान गार लागले तर गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून एका बाजूला ठेवा, म्हणजे नको झालं की त्याला सरकता येईल. उन्हाळ्यात नागपूर-अकोल्याकडे मात्र उलट काळजी घ्या. भर दुपारी रिक्षातून आणू नका, सशाला गारठ्याइतकाच उष्माही सोसत नाही. पहिली रात्र जमिनीवरच ठेवा. उंच फळी नको, पाण्याचं खोल भांडंही नको.

मग खाणं. इथे दोन उलट चुका होतात. एक म्हणजे "झोपू दे बिचाऱ्याला" म्हणून रात्रभर तसंच सोडणं. दुसरी, तो अजून झिंगत असतानाच घाईने भरवणं. मान सावरून बसतो आणि नीट गिळतो याची खात्री झाल्याशिवाय सिरिंज तोंडात घालू नका. सशांसाठीची गवताची पावडर मिळते, ती कोमट पाण्यात कालवा. पावडर नसेल तर त्याच्या नेहमीच्या खाद्याच्या गोळ्या भिजवून बारीक करा. पटाशीच्या दातांमागे जी मोकळी जागा असते, तिथून बाजूने थोडं थोडं द्या. उताणं करून कधीही भरवू नका, ते फुप्फुसात जातं.

संध्याकाळपर्यंत खाल्लं नाही, अंगाची मुटकुळी करून डोळे अर्धे मिटून बसला, दात करकर वाजवतोय, किंवा दहा-बारा तासांत एकही लेंडी नाही, तर सकाळची वाट बघू नका. त्याच रात्री डॉक्टरांना फोन करा.

वेदनाशामक किती दिवस आणि किती द्यायचं हे लिहून घ्या. घरातलं माणसांचं औषध अंदाजाने देऊ नका, कुत्र्याचंही नाही. अमॉक्सिसिलिन किंवा क्लिंडामायसिनसारखी अँटिबायोटिक्स तोंडाने दिली, तर सशाच्या आतड्यांतले उपयोगी जंतू मरतात आणि त्यातून तो दगावू शकतो. चिठ्ठीवर असं औषध दिसलं तर देण्याआधी पुन्हा विचारा.

जोडीचा ससा असेल तर त्यालाही दवाखान्यात सोबत न्या. नाहीतर परतलेल्याच्या अंगाला औषधांचा वास येतो आणि घरचा त्याला ओळखत नाही, हाणामारी होते.

दाढा एकदा बिघडल्या की बऱ्याच सशांना दर काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी पुन्हा भूल लागते. दोन भुलांमधलं अंतर वाढवायचं असेल तर चपाती, बिस्किटं आणि रोजचं गाजर बंद करा आणि त्याच्या अंगाएवढा सुक्या गवताचा ढीग रोज समोर ठेवा. हराळी मिळाली तर उत्तम. लसूणघासात कॅल्शियम फार, पूर्ण वाढलेल्या सशाला तो रोज नको. आम्ही आता दर रविवारी स्वयंपाकघरातल्या काट्यावर चिकूचं वजन करतो. पन्नास ग्रॅम उतरले की ओली हनुवटी दिसायची वाट न बघता डॉक्टरांची वेळ घेतो. गेल्या खेपेला तो निघायच्या क्षणापर्यंत गवत चघळत होता आणि दवाखान्यातून परतल्यावर तासाभरात पुन्हा चघळायला लागला.