रंगकामाआधी फटी भरताय? या चुका टाळा

रंग देऊन तीन-चार महिने होत नाहीत तोच दाराच्या चौकटीच्या कडेने केसासारखी रेघ उमटते. आधी वाटतं कोळ्याचं जाळं असेल. फडकं फिरवून बघितलं तरी जात नाही, मग लक्षात येतं की ही भेग आहे. खापर नेहमीप्रमाणे रंगावर फुटतं. रंग मात्र बिचारा त्याच्याखालच्या भरावासोबत फाटलेला असतो. भराव का फाटला, हे बघायला गेलं तर पुढच्यापैकी एखादी चूक हमखास सापडते.

सांध्यात पुट्टी भरणं

सर्वांत जास्त होणारी चूक हीच, म्हणून आधी तिच्याबद्दल.

लाकूड हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं. दमट दिवसांत ते फुगतं, कोरड्या दिवसांत आकसतं. ॲल्युमिनियम आणि यूपीव्हीसी (खिडक्यांचं कडक प्लास्टिक) उन्हाने लांबतात आणि गारव्याने आखडतात. शेजारची विटांची भिंत त्यामानाने जागची हलत नाही. त्यामुळे चौकट आणि भिंत जिथे भेटतात तिथली फट वर्षभर कमी-जास्त होत राहते. ही हालचाल डोळ्यांना दिसत नाही, पण पुट्टीला ती झेपत नाही. पुट्टी वाळली की दगडासारखी कडक होते. तिला ताणायला गेलं की ती तडकतेच.

मी स्वतःपुरता एक सोपा हिशेब ठरवला आहे. एकाच पृष्ठभागात पडलेला खड्डा असेल तर पुट्टी: खिळ्याचं भोक, गिलाव्याचा उडालेला टवका, लाकडातली खाच. दोन वेगळ्या वस्तू जिथे एकमेकींना टेकतात तो सांधा, आणि तिथे ॲक्रिलिक सीलंट, म्हणजे ट्यूबमधून भरायचं, वाळल्यावरही लवचिक राहणारं भरण: चौकट आणि भिंत, स्कर्टिंगची वरची कड, खिडकीची फ्रेम, जिप्समचं सिलिंग आणि भिंत, भिंतीला टेकलेल्या कपाटाची बाजू.

उलटी चूकही होते. हातात ट्यूब दाबायची गन आली की उत्साहाच्या भरात भिंतीवरच्या बारीक चिराही सीलंटने भरल्या जातात. सीलंट घासून सपाट करता येत नाही. पॉलिश पेपर फिरवला की त्याच्या रबरासारख्या वळ्या निघतात. रंग दिल्यावर तिरप्या उजेडात तेवढाच पट्टा उठून दिसतो. सपाट भिंतीसाठी पुट्टीच बरी.

हाताला लागेल ती ट्यूब वापरणं

ही चूक मी स्वतः केली आहे. न्हाणीघराच्या कामातून उरलेली सिलिकॉनची अर्धी ट्यूब होती. पांढरीच आहे, वाया कशाला घालवायची, म्हणून बेडरूमच्या चौकटीभोवती फिरवली. दुसऱ्या दिवशी ब्रश मारला तर रंग तेलावरच्या पाण्यासारखा बाजूला सरकायला लागला. दुसरा हात दिला, तिसरा दिला. रंग थेंबाथेंबांनी गोळा होत राहिला.

साध्या सिलिकॉनवर रंग बसत नाही, कितीही हात दिले तरी. काचेभोवती, सिंकच्या कडेला, जिथे रंग द्यायचाच नाही तिथे ते उत्तम. रंगाखाली मात्र ट्यूबवर 'पेंटेबल' लिहिलेलं ॲक्रिलिक सीलंटच हवं. 'सिलिकॉनाइज्ड ॲक्रिलिक' असं नाव दिसलं तर बिचकू नका. ते मूळचं ॲक्रिलिकच, चिकटण्यासाठी त्यात थोडं सिलिकॉन घातलेलं असतं, आणि सहसा त्यावर रंग चालतो. बाहेरच्या बाजूला, जिथे हालचाल जास्त, तिथे पॉलियुरेथेन किंवा हायब्रिड सीलंट अधिक टिकतं.

ट्यूबवर कधी कधी 'एएसटीएम सी ९२०, क्लास २५' असं काही छापलेलं असतं. हे सीलंटचं एक अमेरिकी मानक. त्याचा अर्थ एवढाच, की सांध्याची मूळ रुंदी २५ टक्क्यांनी वाढली किंवा कमी झाली तरी तो भराव सहन करेल. १० मिलिमीटरच्या फटीला अडीच मिलिमीटर इकडे, अडीच तिकडे. घरातल्या चौकटीला एवढी ताकद लागतेच असं नाही, बाहेरच्या मोठ्या खिडकीला लागते.

जुन्या घरात आधीचा भराव कशाचा आहे हे कळत नसेल तर कापसाच्या बोळ्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन एका कोपऱ्यात चोळून बघा. ॲक्रिलिक मऊ पडतं, बोळ्याला लागतं. सिलिकॉन ढिम्म हलत नाही. सिलिकॉनच आहे असं निघालं तर ते कटरने कापून पूर्ण काढायचं, कडा खरवडायच्या, मग पुसायचं. त्याचा अदृश्य थर जरी मागे राहिला तरी नवीन सीलंट आणि रंग दोन्ही तिथे नाटकं करतात.

धुळीवर आणि कोऱ्या गिलाव्यावर भरणं

भिंती घासून झाल्या की सगळी पांढरी पूड नेमकी फटींमध्ये जाऊन बसते. त्यावर सीलंट भरलं तर ते भिंतीला नाही, पुडीला चिकटतं. कोरड्या ब्रशने फट झाडा, जमलं तर व्हॅक्यूम फिरवा, जुने पोपडे काढा.

क्रमही महत्त्वाचा. कोरं लाकूड आणि कोरा गिलावा सीलंटमधलं पाणी पटकन शोषून घेतात, मग पकड कच्ची राहते. आधी प्रायमर, मग सीलंट, मग रंग. प्रायमरचा आणखी एक फायदा असा, की सगळं एकसारखं पांढरं झाल्यावर एरवी न दिसलेल्या फटी काळ्या रेघांसारख्या समोर येतात.

खोल फट वरपर्यंत सीलंटनेच भरणं

फट साधारण ६ मिलिमीटरपेक्षा रुंद असेल, किंवा आत बोट जाईल इतकी खोल असेल, तर ट्यूबमागून ट्यूब ओतू नका. पैसे जातात हा भाग वेगळाच. भराव टिकतही नाही. ॲक्रिलिक सीलंट आतलं पाणी उडून वाळतं, आणि पाणी उडालं की आकसतं. जितका जाड भराव, तितका खोल खळगा.

अशा फटीत आधी बॅकर रॉड, म्हणजे फोमची गोल दोरी, दाबून बसवतात. ती फटीपेक्षा थोडी जाड घ्यायची, १२ मिलिमीटरच्या फटीला साधारण १५ ची, म्हणजे ती आत घट्ट अडकून राहते. तिच्यावर येणारा सीलंटचा थर फटीच्या रुंदीच्या निम्मा ठेवायचा: १२ रुंद, तर ६ खोल.

दोरीचं खरं काम वेगळंच आहे. सीलंट दोन्ही बाजूंना आणि तळालाही चिकटलं, तर त्याला ताणायला जागाच उरत नाही. रबरबँड पाठीमागून पूर्ण लांबीभर टेबलाला चिकटवून मग दोन टोकं ओढून बघा, काय होईल ते कळेल. फोमला सीलंट फारसं धरत नाही, त्यामुळे ते फक्त दोन कडांना चिकटतं आणि मधला भाग मोकळेपणी ताणतो.

हाताच्या चुका

नळीचं टोक फार मोठं कापलं की माल भसाभसा येतो आणि मग पुसापुशीतच वेळ जातो. तीन-चार मिलिमीटरचं भोक पुरे, तेही तिरकं कापलेलं. गन थांबवताना मागची खिटी दाबून दांडा सोडवायचा, नाहीतर माल गळत राहतो. बोट ओलं करून एकदाच, एका दमात फिरवा. पाणी मात्र नावापुरतंच. फार ओल्या हाताने सीलंट वरून पातळ होतं आणि वाळताना बारीक तडे पडतात. मास्किंग टेप लावली असेल तर सीलंट ओलं असतानाच ओढून काढा.

अंदाजासाठी: ३०० मिलिलिटरच्या ट्यूबमध्ये ५ बाय ५ मिलिमीटरची फट सुमारे १२ मीटर भरते. तुमची ट्यूब तीन मीटरमध्येच संपत असेल, तर एक तर तुम्ही जास्त ओतताय, नाहीतर आत दोरीची गरज आहे.

वाळायच्या आत रंग

वरून अर्ध्या तासात साय धरते आणि बोट लावलं तर कोरडं वाटतं. आत ते ओलंच असतं. त्यावर लगेच रंग दिला तर रंग आधी वाळून ताठ होतो, खालचा भराव नंतर आकसतो आणि रंगावर मगरीच्या कातडीसारखं जाळं पडतं. पातळ रेघेला चार तास द्या, जाड भरावाला पूर्ण दिवस. दमट हवेत त्याहून जास्त, कारण ॲक्रिलिकमधलं पाणी बाहेर जायला हवा कोरडी लागते. गंमत म्हणजे सिलिकॉनचं उलट: ते हवेतला ओलावा घेऊनच घट्ट होतं. त्यामुळे एकाचा अनुभव दुसऱ्याला लावू नका. ट्यूबवर लिहिलेली वेळ आणि वर दिलेली वेळ, दोघांत जी जास्त असेल ती धरा.

बुजवू नयेत अशा फटी

सरकत्या खिडकीच्या खालच्या पट्टीला बाहेरच्या बाजूने लहान भोकं किंवा चिरा असतात. त्या पाणी निघून जाण्यासाठी असतात. नीटनेटकं दिसावं म्हणून त्या भरल्या की पावसाचं पाणी आत साचतं आणि खोलीत उतरतं. ओल झिरपत असलेली चीरही सीलंटने झाकू नका. पाणी दुसरी वाट शोधेल आणि तुम्हाला मूळ जागा सापडायची नाही.

भेग पडलीच, तर ती कुठे पडली ते बघा

भराव एका कडेने सुटला असेल तर पकड गेली आहे: धूळ, कोरा गिलावा किंवा जुनं सिलिकॉन. बरोबर मधोमध फाटला असेल तर थर फार पातळ होता, किंवा तो तळाला चिकटला होता. फक्त रंगावर जाळं असेल आणि खालचा भराव शाबूत असेल, तर घाई झाली, किंवा वरचा ऑइल पेंट भरावापेक्षा जास्त ताठ निघाला. रेघ आत बसली असेल तर ते आकसणं. पूर्ण वाळू द्या आणि वरून दुसरा पातळ हात द्या. भेग नाही, पण तेवढाच पट्टा वेगळा चमकतो असं असेल, तर त्यावर प्रायमरचा बारीक हात मारून पुन्हा रंग द्या.

सुटलेल्या किंवा फाटलेल्या भरावावर मात्र वरून नवीन रेघ ओढण्यात अर्थ नाही. नवीन थर जुन्याला धरतो आणि जुना कशालाच धरलेला नसतो. कटरने दोन्ही कडा कापून जुनं बाहेर काढा, आणि शक्य असेल तर हे काम हवा कोरडी असताना करा. तेव्हा लाकडाची फट सर्वांत रुंद असते, नळी आतपर्यंत पोचते आणि पुढे लाकूड फुगलं की भराव ताणला न जाता दाबला जातो.