रूम नंबरिंगपासून डायनॅमो शिका, आणि शिकलात की शेजारच्या टेबलावर न्या

मी पुण्यात एका आर्किटेक्टच्या ऑफिसात रेव्हिटवर, म्हणजे इमारतीचं थ्रीडी मॉडेल बनवायच्या सॉफ्टवेअरवर, काम करते. दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे 14 मजल्यांची एक निवासी इमारत होती, एकूण 312 रूम. क्लायंटने मधल्याच एका मजल्यावर दोन फ्लॅट जोडून एक केला आणि तिथून वरचे सगळे रूम नंबर बदलायची वेळ आली. पहिल्यांदा मी ते हाताने केले. सकाळी बसले ती संध्याकाळी उठले, आणि दुसऱ्या दिवशी कळलं की अकराव्या मजल्यावर एकच नंबर दोन खोल्यांना पडलाय. रेव्हिटने इशारा दिला होता, मी ओके करून पुढे गेले होते. त्याच आठवड्यात मी डायनॅमो शिकायला बसले.

ज्यांनी हे नाव ऐकलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: डायनॅमो म्हणजे रेव्हिटमधली तीच तीच कामं आपोआप करून घ्यायचं साधन. त्यात सहसा कोड टाइप करायचा नसतो. नोड नावाचे चौकोन असतात. प्रत्येक चौकोनात डावीकडून माहिती शिरते, उजवीकडून बाहेर पडते, आणि एकाची उजवी बाजू दुसऱ्याच्या डाव्या बाजूला वायरने जोडायची. राइनो हे दुसरं थ्रीडी सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांकडे हेच काम ग्रासहॉपर करतं, जे डेव्हिड रटन यांनी 2007 मध्ये आणलं. डायनॅमो ओपन सोर्स आहे आणि रेव्हिट 2020 पासून ते रेव्हिटबरोबरच इन्स्टॉल होतं. म्हणजे तुमच्या मशीनवर ते बहुतेक आहेच. मॅनेज टॅबवर जा, उजवीकडे दिसेल.

माझं ठाम मत आहे की डायनॅमो कोर्सच्या व्हिडिओंपासून सुरू करू नये. त्यात वळणदार मनोरे आणि लाटांसारखी छतं करून दाखवतात. बघायला छान वाटतं, पण सोमवारी ऑफिसात त्यातलं काहीच लागत नाही आणि महिन्याभरात सगळं विसरायला होतं. तुम्हाला दर आठवड्याला छळणारं एक काम निवडा. माझं रूम नंबरिंग होतं, म्हणून तेच इथे सांगते.

आधी एक काम करा. डायनॅमोच्या खिडकीत खाली डाव्या कोपऱ्यात रन बटणाशेजारी ऑटोमॅटिक असेल तर ते मॅन्युअल करा. ऑटोमॅटिकवर असताना प्रत्येक वायर जोडताच ग्राफ, म्हणजे नोडचं सगळं जाळं, चालतो, आणि शेवटचा नोड मॉडेलमध्ये लिहिणारा असेल तर अर्धवट विचार थेट मॉडेलमध्ये उतरतो. मी शिकत असताना एकदा सगळ्या रूमना 1 हा एकच नंबर गेला होता. कंट्रोल-झेडने परत आला, पण ते सेंट्रल फाइलवर, म्हणजे सगळ्यांच्या सामाईक मॉडेलवर, सिंक झालं असतं तर सहा जणांचं काम बिघडलं असतं. म्हणून दुसरी सवयही लावून घ्या: सराव नेहमी डिटॅच केलेल्या, म्हणजे सेंट्रल फाइलपासून तोडलेल्या, कॉपीवर.

आता ग्राफ. कॅटेगरीज नावाचा नोड घ्या, त्यात रूम्स निवडा आणि तो ऑल एलिमेंट्स ऑफ कॅटेगरीला जोडा. पुढे निकाल दाखवणारा वॉच नोड लावून रन करा. मॉडेलमधल्या सगळ्या रूमची यादी दिसेल. माझ्या यादीत 312 ऐवजी 331 आल्या. जास्तीच्या 19 म्हणजे प्लॅनवरून डिलीट केलेल्या, पण शेड्यूलमध्ये (रेव्हिटच्या तक्त्यात) "नॉट प्लेस्ड" म्हणून उरलेल्या रूम. त्यांचं क्षेत्रफळ शून्य असतं, तेव्हा एरिया शून्यापेक्षा मोठा आहे का हे तपासून फिल्टर बाय बूल मास्कने त्या गाळून टाका. भिंतीत फट राहिल्यामुळे बंदिस्त न झालेली रूमही याच गाळणीत अडकते. ती यादी वेगळी काढून ठेवा, कारण ती मॉडेलमधली खरी चूक आहे आणि कार्पेट एरियाचा तक्ता करताना तीच आडवी येते.

मग प्रत्येक रूमची लेव्हल काढा, लेव्हलचं नाव काढा, आणि ग्रुप बाय कीने (की म्हणजे ज्यावरून गट किंवा क्रम ठरतो ते) मजल्यांप्रमाणे गट पाडा. इथे बहुतेक जण अडकतात. आत्तापर्यंत एकच लांब यादी होती, आता यादीच्या पोटात 14 याद्या आहेत. मी शिकवताना रेल्वेगाडी सांगते: गाडीत डबे, डब्यात प्रवासी. डायनॅमोच्या भाषेत एल-1 म्हणजे प्रवासी, एल-2 म्हणजे डबा, एल-3 म्हणजे अख्खी गाडी. मोजणी आतून बाहेर होते. "रूम क्रमाने लाव" असं सांगून आपण गाडीच हातात दिली, तर तो नोड डब्यांचीच आपापसात तुलना करायला जातो आणि पिवळा पडतो, म्हणजे इशारा देतो. म्हणून सॉर्ट बाय की नोडच्या दोन्ही इनपुटवर बाण उघडून "यूज लेव्हल्स" ला टिक करा आणि एल-2 निवडा. आता प्रत्येक डब्यात शिरून तिथल्यातिथे क्रम लागेल. एवढं एक पक्कं झालं की डायनॅमोचा निम्मा त्रास गेला असं समजा.

लेसिंगचंही, म्हणजे दोन याद्या एकमेकींशी कशा जुळवायच्या याचंही, असंच घरचं उदाहरण सापडतं. शॉर्टेस्ट म्हणजे जोड्या लावणं, ज्याला जोडीदार नाही तो बाहेर. लाँगेस्ट म्हणजे पंगतीत वाढपी कमी पडले तर शेवटच्या वाढप्यानेच उरलेल्या सगळ्यांना वाढायचं. क्रॉस प्रॉडक्ट म्हणजे दसऱ्याचं सोनं, प्रत्येकाने प्रत्येकाला द्यायचं. 312 रूम आणि 312 नंबर क्रॉस प्रॉडक्टवर गेले तर 97,344 जोड्या होतात आणि मशीन बराच वेळ थांबून राहतं.

क्रम कशावरून लावायचा? मी गेट लोकेशन नोडने प्रत्येक रूमचा बिंदू घेतला आणि वरच्या रांगेपासून डावीकडून उजवीकडे लावायचं ठरवलं. कागदावर सोपं आहे. प्रत्यक्षात एकाच रांगेतल्या दोन बेडरूमचे वाय (प्लॅनवर खालून वर मोजलेलं अंतर) 4210 आणि 4198 मिलिमीटर निघाले, आणि तेवढ्या 12 मिलिमीटरमुळे उजवीकडची खोली डावीकडच्या खोलीच्या आधी लागली. रूमचा हा बिंदू खोलीचा मध्य नसतो. प्लॅनवर रूम ठेवताना ज्याने जिथे क्लिक केलं, तिथे तो असतो. म्हणून वायला 3000 ने भागून राउंड करा. 4210 आणि 4198 दोन्हींचा 1 येईल आणि दोघी एका रांगेत बसतील. हा 3000 माझ्या इमारतीचा आकडा आहे, तुमच्या खोल्यांच्या मापाप्रमाणे तुमचा वेगळा असेल.

राहिलं नंबर तयार करणं. प्रत्येक गटातल्या रूम मोजायच्या, पुन्हा एल-2 वर. कोड ब्लॉकमध्ये एकपासून त्या संख्येपर्यंतची रेंज लिहायची. मग प्रत्येक आकड्याचा स्ट्रिंग (मजकूर) करून पॅड लेफ्टने पुढे शून्य लावायचं, म्हणजे 7 चा 07 होईल. शून्य नसेल तर शेड्यूलमध्ये 1 नंतर 10 येतो, कारण रूमचा नंबर हा मजकूर आहे. त्याच कारणाने सेट पॅरामीटर बाय नेम नोडला तिथे आकडा चालत नाही, स्ट्रिंगच द्यावा लागतो. पुढे मजल्याचा भाग जोडला की सातव्या मजल्यावरच्या तिसऱ्या खोलीला 0703 मिळतो. हे सगळं जमायला मला चार संध्याकाळी लागल्या. नंतर तेच काम 10 सेकंदांत होऊ लागलं.

खरं शिक्षण यानंतर झालं, शिकवताना.

आमच्या ऑफिसात एक काका आहेत. ड्रॉइंग बोर्डवर रोट्रिंग पेनने सुरुवात केलेले, पुढे ऑटोकॅड, आता रेव्हिट. मी त्यांना फाइल पाठवली आणि म्हटलं, "काका, चालवून बघा ना." त्यांनी उघडली, 60 नोडचं जाळं बघितलं आणि बंद केली. दोन दिवसांनी मीच विचारलं, तर म्हणाले, "अगं, हे नुसतं गुंतलेलं लोकरीचं गुंडाळं दिसतंय. टोक कुठाय ते तरी सांग."

त्यांचं बरोबर होतं. त्या दिवसापासून फाइल दुसऱ्याला देण्याआधी मी तासभर तिच्यावर घालवते. प्रत्येक टप्प्याचे नोड निवडून कंट्रोल-जीने गट करते आणि गटाला मराठीत नाव देते: "रिकाम्या रूम गाळा", "मजल्यांप्रमाणे डबे", "नंबर लिहा". जिथे माणसाने आकडा बदलायचा आहे, तेवढेच नोड डावीकडे एका खाली एक आणून त्यांच्यावर राइट क्लिक करून "इज इनपुट" ला टिक करते. मग डायनॅमो प्लेअरमध्ये, म्हणजे ग्राफ न उघडता तो चालवायच्या खिडकीत, फक्त तेवढेच रकाने दिसतात, वायर दिसतच नाहीत. मॉडेलमध्ये लिहिणारा शेवटचा नोड फ्रीझ करून, म्हणजे चालू नये असा थांबवून, ठेवते. घेणाऱ्याने आधी वॉचमध्ये निकाल बघायचा, पटला तर अनफ्रीझ करायचा.

पॅकेजेसबद्दल, म्हणजे इतरांनी बनवलेल्या जादा नोडच्या संचांबद्दल, मात्र मी कडक आहे. क्लॉकवर्क, ऱ्हिदम, आर्किलॅब यांत उत्तम नोड आहेत आणि मीही ते वापरते, पण वाटायच्या फाइलमध्ये शक्यतो नाही. समोरच्याकडे ते पॅकेज नसेल किंवा आवृत्ती वेगळी असेल तर फाइल उघडते, पण तो नोड ओळखता आला नाही असं दाखवते आणि नवशिका तिथेच हात टेकतो. टाळता आलंच नाही तर पहिल्या नोटमध्ये पॅकेजचं नाव, आवृत्ती आणि रेव्हिटचं वर्ष लिहा. पायथन नोड (ज्यात पायथन भाषेत कोड लिहितात) असेल तर तो कुठल्या इंजिनवर लिहिलाय हेही लिहा. जुने ग्राफ आयर्नपायथन 2.7 वर असतात, त्यानंतरचे बरेच सीपायथन 3 वर, आणि एकातलं दुसऱ्यात तसंच्या तसं चालेल याची खात्री नसते. पायथनमधून थेट रेव्हिटची माहिती घेतलीत तर लांबी फुटांत येते, हेही नोटमध्ये असू द्या. एक फूट म्हणजे 304.8 मिलिमीटर. हा गुणाकार विसरल्यामुळे आमच्याकडे एका मुलाची अख्खी दुपार गेली.

आणि शिकवताना माऊसला हात लावू नका. हे मला फार अवघड गेलं. समोरचा चुकीच्या नोडवर वायर नेतोय हे दिसत असतं, तरी गप्प बसायचं. पिवळा झालेला नोड त्यानेच वाचायचा.

काकांबरोबर दुसऱ्यांदा बसले तेव्हा त्यांनी सावकाश सगळे गट वाचले, "मजल्यांप्रमाणे डबे" वर मान डोलावली, आणि रांगांच्या गटापाशी थांबले. म्हणाले, "पण आपण नंबर असे देतच नाही. लिफ्टमधून बाहेर आलं की घड्याळाच्या काट्यासारखं फिरत देतो. सुताराला, पेंटरला तसंच सापडतं."

मी ते कधी विचारलंच नव्हतं. आम्ही तिथेच रांगांचा गट काढून टाकला. लिफ्ट लॉबीच्या मध्यावर एक बिंदू घेतला, तिथून प्रत्येक रूमपर्यंत वेक्टर (दिशा दाखवणारा बाण) काढला आणि अँगल अबाउट अ‍ॅक्सिसने जिन्याच्या दाराच्या दिशेपासूनचा कोन मोजला. झेड अक्ष उलटा दिला की कोन घड्याळाच्या दिशेने वाढतो. तो कोनच सॉर्टची की. तीन हजाराने भागणं नाही, राउंड नाही, आधीच्यापेक्षा कमी नोड. अकराव्या मजल्याचा प्लॅन उघडून काकांनी बोटाने एकेक नंबर मोजला, 1101 पासून 1122 पर्यंत.

मग त्या नव्या गटाचं नाव त्यांनी स्वतः टाइप केलं: "लिफ्टमधून बाहेर या, जिन्याकडे तोंड करा, आणि उजवीकडे फिरत जा."