फाँट प्रोग्रॅमच्या पोटात कसा घालावा

निपाणीतल्या एका तंबाखूच्या वखारीसाठी मी बिलाचा प्रोग्रॅम केला होता. वर कन्नड, खाली मराठी. बेळगावात माझ्या मशीनवर झकास छापायचं. वखारीत चालवला, तर गिऱ्हाइकाच्या नावाच्या जागी नुसते चौकोन! दिवाणजींनी कागद उजेडाला धरला नि विचारलं, "साहेब, ह्यातला पाटील कोणता आणि शेट्टी कोणता?" कुणीतरी फाँटचं फोल्डर उडवलं होतं.

तेव्हापासून फाँट मी प्रोग्रॅमच्या आतच घालतो. फाँटच कशाला, लोगो, आवाज, काहीही असंच जातं.

आधी परवाना बघा. नोटो सॅन्सचे देवनागरी आणि कन्नड फाँट खुल्या परवान्याचे आहेत, ते चालतात. बाजारातून विकत घेतलेल्या फाँटचं तसं असेलच असं नाही.

मग कंपायलर, म्हणजे लिहिलेल्या कोडचा चालता प्रोग्रॅम करणारं हत्यार, बघा. सी भाषेच्या सी२३ प्रमाणात 'हॅश-एम्बेड' (#embed) आलंय, ते फाईलचे बाइट थेट कोडमध्ये ओततं. जीसीसी १५ आणि क्लँग १९ या कंपायलरांपासून ते चालतं. अनसाइन्ड कॅरचा, म्हणजे सुट्या बाइटांचा, अ‍ॅरे घ्यायचा, महिरपी कंसात वेगळ्या ओळीवर हॅश-एम्बेड आणि अवतरणात फाईलचं नाव लिहायचं, की झालं. लांबी साईझऑफने मिळते. अ‍ॅरेला कॉन्स्ट (म्हणजे 'बदलायचं नाही') लावायला विसरू नका.

कंपायलर जुना असेल तर 'एक्सएक्सडी'. विम एडिटरबरोबर येणारं हे हत्यार 'डॅश आय' देऊन चालवलं की फाईलचा सी-अ‍ॅरे करून देतं. कॉन्स्ट मात्र आपण हाताने घालायचा. शिवाय एका बाइटला सोर्समध्ये साधारण सहा अक्षरं लागतात. तीनशे केबीचा फाँट पावणेदोन एमबीच्या पुढे जातो. तेवढं ठीक आहे, पण वीस एमबीचा व्हिडिओ दिलात तर कंपायलरला धाप लागते. आणि अ‍ॅरे .सी फाईलमध्येच ठेवा, हेडरमध्ये (इतर फाईली जी आत ओढतात त्या .एच फाईलमध्ये) नको. हेडर दोन ठिकाणी घेतलं गेलं की लिंकर, म्हणजे तुकडे जोडून प्रोग्रॅम करणारं हत्यार, 'दोनदा व्याख्या' म्हणून भांडतो.

मोठ्या फाईलला लिनक्सवर लिंकरच बरा. 'एलडी' या लिंकरला 'डॅश आर' आणि 'डॅश बी बायनरी' सांगितलं की फाईलची थेट ऑब्जेक्ट फाईल (जोडायला तयार तुकडा) होते. तिच्यात स्टार्ट, एंड आणि साइज अशी तीन नावं तयार होतात. ती, नावं दाखवणारं 'एनएम' चालवून वाचा, अंदाजाने लिहू नका. फाईलच्या पत्त्यातली टिंबं नि तिरप्या रेघा तिथे अंडरस्कोअर झालेल्या असतात. साइजच्या नादाला मात्र लागू नका. ती साठवलेली किंमत नाही, त्या नावाचा पत्ताच आकडा असतो. मी व्हेरिएबल समजून वाचायला गेलो आणि प्रोग्रॅम तिथल्या तिथे कोसळला. एंडमधून स्टार्ट वजा करा, सुटलात.

मॅकचा लिंकर वेगळा. तिथे 'सेक्टक्रिएट' पर्यायाने प्रोग्रॅममध्ये सेक्शन (वेगळा कप्पा) करून फाईल त्यात टाकतात.

विंडोजवर, म्हणजे आमच्या बहुतेक गिऱ्हाइकांकडे, रिसोर्सची, म्हणजे प्रोग्रॅमलाच जोडलेल्या डेटाची, वाट सरळ. .आरसी फाईलमध्ये एक ओळ: आकडा, आरसीडेटा, फाईलचं नाव. प्रोग्रॅममध्ये फाइंडरिसोर्स, लोडरिसोर्स, लॉकरिसोर्स, आणि लांबीसाठी साइझऑफरिसोर्स. मिळालेला पत्ता अ‍ॅडफाँटमेमरिसोर्सईएक्स या फंक्शनला दिला की फाँट इन्स्टॉल न करताही वापरता येतो. तुम्ही फाँटची अक्षरं रेखाटणारं फ्रीटाइप वापरत असाल तर तेही मेमरीतून फाँट उघडतं, पण जोडाक्षरं त्याच्या एकट्याने जुळत नाहीत. सोबत अक्षरं जुळवणारं हार्फबझ लागतं. 'प्र'चा 'प्‌र' झाला तर दोष फाँटला देऊ नका.

शेवटी तपासणी. आतला मजकूर पुन्हा फाईलमध्ये लिहून मूळ फाईलशी ताडून बघा: लिनक्सवर 'सीएमपी', विंडोजवर 'एफसी'ला तिरपी बी. मग नुसता प्रोग्रॅम पेनड्राइव्हवर घ्या आणि तो फाँट ज्यावर कधी नव्हताच अशा मशीनवर चालवा. मी वखारीतल्याच कॉम्प्युटरवर चालवला. दिवाणजींनी पुन्हा कागद उजेडाला धरला, आणि या वेळी फक्त रकमेतली चूक काढली.