चिऱ्याच्या घरात मागच्या खोलीपर्यंत वाय-फाय कसे न्यावे

आमचे फोंड्याकडचे घर जुने, चिऱ्याचे. राउटर सोप्यावर आणि भाची ऑनलाइन क्लासला बसते ती मागच्या खोलीत. मध्ये राजांगण, म्हणजे घराच्या पोटातला उघडा चौक, आणि दीड-दीड फुटी भिंती. पावसाळ्यात चिरा पाणी पितो, तेव्हा तर विचारूच नका. दुकानदार म्हणाला, जिथे सिग्नल नाही तिथेच रिपीटर, म्हणजे राउटरचा सिग्नल घेऊन पुढे पाठवणारा डबा, लावा. लावला. मोबाइलवर सगळ्या दांड्या भरल्या, व्हिडिओ मात्र गोल गोल फिरत राहिला. त्या दांड्या फोन आणि रिपीटर यांच्यातल्या. रिपीटरलाच राउटर धड ऐकू येत नव्हता. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

म्हणून आधी मोजा. अँड्रॉइडवर वाय-फाय अ‍ॅनालायझर प्रकारचे एखादे फुकट अ‍ॅप घ्या आणि घरभर फिरा. आकडे उणे डीबीएममध्ये (सिग्नलच्या जोराचे माप) दिसतात; शून्याच्या जितके जवळ तितके चांगले. आमच्याकडे सोप्यावर उणे ३८, माजघराच्या दारात उणे ६१, मागच्या खोलीत उणे ८४. व्हिडिओ कॉलला साधारण उणे ६७ तरी हवा.

रिपीटरची जागा म्हणजे जिथे आकडा उणे ६० ते ६५ आहे ती. राजांगण असेल तर त्याचा फायदा घ्या: लहरी भिंतीतून रखडत जाण्यापेक्षा एका खिडकीतून निघून समोरच्या खिडकीत शिरतात. आम्ही रिपीटर राजांगणाकडच्या खिडकीजवळ, पागोळ्यांचे पाणी उडणार नाही इतका आत लावला आणि मागच्या खोलीत उणे ५८ मिळाला. लोखंडी कपाट, फ्रिज आणि आरसा यांच्या आड मात्र लावू नका.

जोडणी सोपी आहे. रिपीटर पहिल्यांदा राउटरच्या शेजारीच प्लगला लावा, दोन्हींवरचे डब्ल्यूपीएस (पासवर्ड न टाकता जोडणी करणारे) बटण दोन मिनिटांच्या आत दाबा, दिवा स्थिर झाला की उचलून ठरलेल्या जागी न्या. रिपीटरच्या नेटवर्कला सुरुवातीला वेगळे नाव द्या, म्हणजे फोन कोणाला धरून बसलाय ते कळते.

आत एकच रेडिओ असलेला स्वस्त रिपीटर त्याच चॅनेलवर ऐकतो आणि बोलतो, त्यामुळे वेग जवळजवळ निम्मा होतो. शक्य तर ड्युअल बँड घ्या: राउटरकडून ५ गिगाहर्ट्‌झवर घेऊन २.४ वर वाटणारा. पण ५ गिगाहर्ट्‌झ जाड भिंतीपुढे लवकर हात टेकतो, तेव्हा त्या बँडचा आकडा वेगळा मोजा. माझे विचाराल तर, वायर ओढणे जमत असेल तर रिपीटरच्या फंदात पडूच नका. वाशांच्या कडेने लॅन केबल न्या आणि टोकाला अ‍ॅक्सेस पॉइंट, म्हणजे वायरीतून आलेले नेट वाय-फायवर वाटणारा डबा, लावा.

आता मोबाइलच्या रेंजचे. टॉवरचा सिग्नल वाढवणारे बूस्टर ऑनलाइन सर्रास विकले जातात, पण दूरसंचार कंपन्यांखेरीज इतरांनी ते बाळगणे, विकणे आणि वापरणे भारतात बेकायदेशीर आहे. शिवाय अख्ख्या वाड्यावरच्या शेजाऱ्यांचे कॉल त्याने बिघडू शकतात. त्याऐवजी फोनच्या सेटिंगमध्ये वाय-फाय कॉलिंग सुरू करा. रेंज नसली तरी साधा कॉल वाय-फायवरून लागतो.

फक्त, वीज गेली की तोही जातो. म्हणून फायबरचा डबा, राउटर आणि रिपीटर, तिन्ही इन्व्हर्टरच्याच प्लगवर घ्या. आणि गडगडाट सुरू झाला की तिन्हींचे प्लग काढा.